साखळी क्रमांक चौदा ते सतरा

फेब्रुवारीत नामाक्वालँडात
रस्त्याच्या कडेला काही नसतं.
मी ग्रेडर चालवतो, मला माहीत आहे:
वाळू, काटेरी तार, तारेत फडफडणारी एखादी पिशवी,
आणि पात्याच्या चार बोटं खाली,
म्हणे, सगळंच.

नकाशावर लिहिलं होतं:
साखळी क्रमांक चौदा ते सतरा,
दोन्ही साइडपट्ट्या दीड-दीड मीटर वाढवणे.
जागेचा सध्याचा वापर: नाही.

त्या ‘नाही’वर एका पहाटे
द्रीका स्वार्टबोई डबे रोवून गेली.
पिल्चर्ड माशांचे रिकामे डबे, काठ्यांवर पालथे,
काहींना लाल कागद अजून चिकटलेला.
त्रेसष्ट. मी मोजले.
पात्यापुढे काही आलं की मोजावं,
ही या कामातली जुनी खोड.

शाळेच्या चुलीपाशी तिची एकतीस वर्षं गेली,
घेवड्याचं सूप ढवळण्यात.
पोरं येताना वाटेतून मुठी भरून फुलं आणायची,
सूप जास्त मिळावं म्हणून.
ही विचारायची, कुठून तोडलंस?
तेवढ्यावर तिला हा रस्ता पाठ.

“इथे पिवळं. इथे पांढरं,
त्याला दिवस कलला की वास सुटतो.
आणि हे सहा वर्षं आलेलं नाही, पण आहे.”
“कशावरून आहे?”
“तू रात्री दार लावून झोपतोस, फ्लोर्स,
तेव्हा नसतोस का?”

इंजिनिअर बाई लुंगिसा मापोंग्वाना,
पूर्वेकडच्या हिरव्या डोंगरांतल्या,
आमच्या उन्हाला अजून बिचकणाऱ्या.
त्या गुडघ्यांवर बसल्या, चहाच्या चमच्याने उकरलं.
हरभऱ्याएवढा एक कांदा निघाला,
अंगात जाळीचा सदरा.
बराच वेळ तळहातावर धरून बसल्या,
मग होता तिथे ठेवला, वर माती ओढली,
आणि ऑफिसला फोन लावून
कुणाशी तरी तासभर भांडल्या.

उत्तरेची बाजू सुटली.
सगळी नाही.
सोळाच्या वळणावर मोरी रुंद करायचीच होती.
मागच्या पुरात तिथेच रुग्णवाहिका अडकली,
आत द्रीकाची भाची, आठ महिन्यांची गरोदर.
तिथले बावीस डबे
द्रीकाने स्वतः उपटले.
आम्ही कुणी काही बोललो नाही.

मग मला शिकावं लागलं
पातं हलकं धरायला.
वरची वीतभर माती वेगळी, तिचा बुटका ढीग वेगळा,
मुरूम तिच्यात मिसळायचा नाही.
तिच्यावर रोलर उभा करायचा नाही,
डबा खायला बसायचं नाही, मुतायचं तर मुळीच नाही.
आब्री म्हणाला, मातीला एवढं जपतोयस,
बायकोला कधी जपलं असतंस तर!
खरं होतं त्याचं. मी क्लच दाबला.

जूनमध्ये पाऊस आला, यायचा तेवढाच.
ऑगस्टात एका रविवारी, ड्यूटी नसताना,
मी गाडी काढली.
नऊ वाजता सगळं मिटलेलं, हिरव्या मुठी नुसत्या.
थर्मासमधली कॉफी संपवली.
रेडिओवरचं प्रवचन संपलं.
अकराच्या सुमारास ऊन तापलं आणि
एकेक मूठ सुटायला लागली,
माझ्या बाजूने, मग पलीकडून,
नव्या डांबराच्या अगदी काठापर्यंत.

मोरीपाशी, परत पसरलेल्या मातीत,
पत्ते पिसल्यासारखी झालेली:
पांढऱ्याच्या जागी पिवळं, पिवळ्याच्या जागी काहीच नाही,
एक जांभळं, यादीत नसलेलं.
मेंढ्यांचा एक ट्रक
ऐंशीच्या वेगाने निघून गेला. रस्ता चांगला झालाय.

द्रीकाचा गुडघा सुजला होता, म्हणून मीच जाऊन सांगितलं.
तिने बाकी सगळं ऐकून घेतलं,
मग विचारलं त्या सहा वर्षांच्याबद्दल.
“नाही आलं.”
“डबा आहे ना?”
“आहे. गंजलाय.”
तिने फडताळातून नवा काढून पुढे केला.
पण तो भरलेला होता,
तेव्हा आधी आम्ही दोघांनी
ते मासे पावाबरोबर खाल्ले.